बुधवार आमचा होता

भाऊ, काल तुझा तेरावा झाला. मांडवात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. कचेरीतले दोघे जण तर म्हणाले, "नानांसारखा सरळ माणूस आता व्हायचा नाही." मी पुढ्यात पत्रावळ घेऊन बसले होते. मनात म्हटलं, सरळ? अरे, हा माणूस चाळीस वर्षं माझ्या घरी जेवला आणि एक गोष्ट सरळ सांगितली नाही त्यानं मला. पण तेराव्याच्या मांडवात असं बोलायची रीत नाही. तिथं गेलेला माणूस चांगलाच असतो. म्हणून आज घरी बसून तुझ्याशी भांडते आहे.

तू मला फसवलंस. दोनदा फसवलंस. पहिलं फसवणं तू जिवंत असतानाच मला कळलं आणि त्यावरून आपलं वाजलं. दुसरं काल कळलं, आणि आता भांडायला तू नाहीस. हे मात्र अगदी तुझ्यासारखं केलंस. कागद पुढं सरकवायचा आणि आपण उठून जायचं.

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. अव्वल कारकून माणूस, साहेबाच्या उजव्या हाताला बसणारा. सगळं धुळं तुला नाना म्हणायचं. पण घरात तू माझा भाऊ, आणि भावाला मी अरे-तुरेच केलं. तू मला 'यमे' म्हणायचास. आता मला यमे म्हणणारं कुणी उरलं नाही. आता मी साऱ्या देवपूरची यमुअक्का. म्हातारी झाले म्हणायची.

तू आमच्याकडे पहिल्यांदा आलास तेव्हा तेरा वर्षांचा होतास, मी नऊची. तुझं गाव अमळनेरकडचं, तिथली शाळा चौथीला संपायची. पुढं शिकायचं तर धुळं गाठायला हवं. निजायला कुणाची तरी पडवी मिळाली, पण जेवणाचं काय? मग तुझ्या बापानं देवपुरातली आपल्या भावकीतली सात घरं धरली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. वार लावून जेवणारी पोरं तेव्हा धुळ्यात पुष्कळ होती. बुधवार आमचा होता.

मला सख्खा भाऊ नव्हता. मंगळवारी रात्रीपासून मी आईच्या मागं लागायची, उद्या काय करणार, भरीत करणार ना? मला वाटायचं, बाकीचे सहा दिवस तू कुठंतरी बसून बुधवारचीच वाट बघत असतोस. संध्याकाळी पांझरा नदीवरची फरशी ओलांडून तू यायचास, पायांवर धूळ, काखेत पुस्तकं. ओट्यावर बसायचास. आई आतून म्हणायची, "पोरले आधी धडा दे, मंग बस जेवाले." मुलींना शाळेत घालायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि आईला तर मला शिकवायचंच होतं. बाराखडी, पाढे, उजळणी, सगळं तू मला त्या ओट्यावर दिलंस. जन्मभर मी हे मिरवलं. माझ्या नवऱ्यालाही सांगायची, मला माझ्या भावानं शिकवलं, शाळेनं नाही.

आणि उपकार काय तेवढेच आहेत? नवरा गेल्यावर मी माहेरी आले, बापाची जमीन कसायला लागले, तेव्हा चुलत्यांनी काय काय केलं ते तू बघितलंस. बाईमाणूस शेत करणार म्हणे! सात-बाऱ्यावर माझं नाव लागेपर्यंत तू कचेरीतून घरी जेवायला गेला नाहीस. मला म्हणालास, "यमे, कचेरीत रडायचं नाही आणि उठायचं नाही. बसून राहायचं. बसणाऱ्याला सरकार घाबरतं." आज माझ्या शेतात कापूस फुटलाय तो तुझ्यामुळं. हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर जास्त लागतं.

यंदा गणपती उठले आणि सिंधची माणसं आली. स्वराज्याचे पेढे अजून तोंडात होते. चाळीसगावहून येणाऱ्या गाडीतून उतरली, बायका, म्हातारे, पोरं, हातात एकेक गाठोडं, कुणाकडे तेही नाही. देवपुरातल्या शाळेत त्यांना उतरवलं. सगळं गाव बघायला गेलं. बघायला म्हणजे, खरं सांगते, जत्रेला जावं तसं. मीही गेले. भाषा कळेना, त्यांना आपली कळेना. कुणी केळी दिली, कुणी जुनी लुगडी दिली, आणि घरी आलो. उद्या काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू मारुतीच्या पारावर बायकांना बोलावलंस. पुरुषांना नाही, बायकांना! तुझी अक्कल होती ती. म्हणालास, "मी याच देवपुरात वार लावून जेवलो, मेलो नाही, उलट अव्वल कारकून झालो. आता ही माणसं वार लावून जेवतील. तुमच्यातल्या प्रत्येकीनं आठवड्यातला एक दिवस एक कुटुंब घ्यायचं." यादी तू तिथंच केलीस आणि देवळाच्या भिंतीला लावलीस. बुधवार मला दिलास. माझ्याकडे बघून हसलास. मला रडू आलं, तू बघितलंस की नाही ते मला माहीत नाही.

किती बरे दिवस होते रे ते! पितृपक्ष चालू झाला होता, घरोघरी खीर-वडे. पितरांच्या आधी सिंधी जेवले, अशी गावात थट्टा. माझ्याकडे यायचे ते टेकचंद मास्तर, त्यांची सून लीला आणि लीलाची दोन मुलं. लीलाचा नवरा तिकडे मागं राहिला होता, येतो म्हणून, तो अजून आलेला नाही. पहिल्या बुधवारी मी आपली काळ्या मसाल्याची भाजी केली. पोरांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि लीला त्यांना डोळ्यांनी दटावतेय की खा, खा. मी ताटं उचलली आणि दूध-भाकरी दिली. पुढच्या बुधवारपासून तिखट बेतानं. उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरीला लीला 'काली रोटी' म्हणायची. मला 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई.

आमची शेजारीण धोंडाबाई, तिचा सोमवार. तिच्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहेच. पण सोमवारी संध्याकाळी ती दारात उभी राहून मला विचारायची, "अक्का, मना सोमवार अजून उना नही वं. पोऱ्याले ताप बीप ते नही?" माणसांची नावं तिला घेता येईनात म्हणून ती त्यांना सोमवारच म्हणायची. कुणाला गोड लागतं, कुणाला दात नाहीत, कोण रात्री किंचाळत उठतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक झालं होतं.

दसऱ्याचं सोनं वाटलं आणि चार दिवसांत दवंडी आली. सगळ्या निर्वासितांनी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या गोदामांत जायचं. तिथं सरकार कोरडा शिधा देईल, चुली देईल. भोवती तारेचं कुंपण. बाहेर यायचं तर पास. आणि शेवटी, गावातल्या कुणीही त्यांना शिजलेलं अन्न द्यायचं नाही, घरी जेवायला न्यायचं नाही. का, तर रोगराई पसरेल आणि शिध्याचा हिशेब लागणार नाही.

बायका माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, हे वरून आलंय. नानाच्या हातात असतं तर नानानं हे होऊ दिलं नसतं. मारुतीची शपथ घेऊन म्हटलं मी! धोंडाबाईनं देवळाची यादी काढायला नकार दिला, म्हणाली, नाना यीन तव्हय काढूत. तू पाराकडे फिरकलाच नाहीस. यादी उन्हानं पिवळी पडली.

आणि मग बघ कशी माणसं बदलली. तुला दिसलं असेलच, तू रोज त्या वाटेनं जायचास. आधी महिनाभर ज्यांच्या पोरांची नावं आम्हाला पाठ होती, ती तारेपलीकडे गेल्यावर सगळी एकसारखी दिसायला लागली. 'कॅम्पवाले'. रेशनच्या दुकानात दिवाळीची साखर निम्मी मिळाली. दुकानदार म्हणाला, कॅम्पला गेली. घासलेट नाही, कॅम्पला गेलं. खरं की खोटं देव जाणे, पण कॅम्प हे नाव त्याला फार सोयीचं झालं. कुणाच्या शेतातला वेचलेला कापूस गेला, तर कॅम्पवाल्यांनी नेला. अरे, ते कापूस नेऊन करणार काय, खाणार? पण असं कुणी विचारेना. आणि धोंडाबाई, तीच धोंडाबाई, माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "सरकारना जवाई शेतस त्या. बठ्ठं त्यास्ले, आम्ले काय? इतला दिन आपले घर जेवनात, आते वळखत बी नहीत." मी म्हटलं, अगं, ओळख दाखवायला त्यांना बाहेर सोडतं कोण? ती म्हणाली, "सोडतस ना. बाजारले येतस. मान खाले घालीसन जातस."

ते खरं होतं. लीला एकदा बाजारात दिसली. मी हाक मारली. तिनं नुसते हात जोडले. 'अदी' म्हणाली नाही. घाईघाईनं गेली, पासाची वेळ संपत होती म्हणून की आणखी कशानं, मला कळलं नाही. मला राग आला, हो, मलाही आला. मनात म्हटलं, एवढं केलं आणि ही तऱ्हा! म्हणजे धोंडाबाईत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

भाऊबिजेला तू आलास. दरवर्षी येतोस तसा, हातात लुगड्याची घडी, डोक्याला तेल. मी ओवाळलं, ताट वाढलं. आणि तू दोन घास खाल्ल्यावर मी विषय काढला. म्हटलं, साहेबाला सांग, बायका तयार आहेत, रोगराई वगैरे काही नाही, कुंपण काढा म्हणावं. तू मान वर केली नाहीस. म्हणालास, "साहेबानं माझा अभिप्राय मागितला होता, यमे. वार बंद करावेत असं मीच लिहिलं."

घरात कुणी नव्हतं. मी पळी हातात धरून उभीच राहिले. म्हटलं, "तू लिहिलंस? मी देवाची शपथ घेतली तुझ्यासाठी!"

"शपथ घ्यायला मी सांगितलं नव्हतं."

"का लिहिलंस?"

"दुसऱ्याच्या दारी किती दिवस जेवायचं माणसानं? सरकारचा शिधा हक्काचा असतो. त्यावर कुणाचे उपकार नसतात."

"हक्काचा शिधा तारेच्या आत मिळतो का रे?"

"तार काही मी लिहिली नव्हती. ती वरून आली. एक कागद पाठवला की त्याला दहा फाटे फुटतात."

"मग फाटे फुटल्यावर तुझी लेखणी मोडली होती?"

तू म्हणालास, "तुला नाही कळायचं यमे." शांतपणे म्हणालास. त्या शांतपणाचाच मला संताप आला. आणि मग मी बोलले ते बोलले. म्हटलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? कुणाच्या भाकरीवर वाढलास तू? विसरलास?"

तू उठला नाहीस. ताटातलं सगळं संपवलंस, शितही ठेवलं नाहीस. ताट उचलून न्हाणीत नेलंस आणि स्वतः धुतलंस. अव्वल कारकून माणूस, भाऊबिजेला बहिणीच्या घरी ताट धुतो! मी 'राहू दे' म्हणाले नाही. हट्टानं म्हणाले नाही. तू ताट उपडं घातलंस, टोपी घातलीस आणि गेलास. ते शेवटचं. त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले आणि दिसलास की तोंड फिरवायचं असं ठरवून बसले. तू आलाच नाहीस. एका दुपारी निरोप आला तो तुझ्या जाण्याचाच.

अरे, भांडण असं अर्ध्यावर सोडतात का? मी काय इतकं वाईट बोलले होते? असं मला बारा दिवस वाटत होतं. बारा दिवस मी स्वतःलाच समजावत होते की भाऊ मनात धरणारा नव्हता.

काल मांडवातून घरी आले, तर ओट्यावर टेकचंद मास्तर. पांढरी टोपी, हातात काठी. तुझ्या तेराव्याला म्हणून कॅम्पातून आले होते, पण मांडवात आले नाहीत. म्हणाले, तिथं लोक बघतात. मी घोंगडी टाकली, पाणी दिलं. पाणी प्यायले, गूळ मात्र नको म्हणाले. मी भाऊबिजेचं सगळं सांगितलं त्यांना. का सांगितलं कोण जाणे, कुणाला तरी सांगायचं होतं. म्हटलं, मास्तर, माझ्या भावानं तुमचे वार तोडले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "नहीं बाईजी. हम गए थे उनके पास. मैं गया था."

मग त्यांनी सांगितलं. शाळेत उतरलेले चार-पाच म्हातारे मिळून तुझ्याकडे गेले होते. हात जोडून म्हणाले होते, आम्हाला कोरडं धान्य द्या, आमच्या बायका रांधतील. लोक देवासारखे आहेत, पण रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसवत नाही. टेकचंद मास्तर म्हणाले, "हमने चूल्हा माँगा था, बाईजी. तार नहीं माँगी थी."

इथवर मी ऐकून घेतलं. तुझ्यावरचा राग थोडा ओसरलासुद्धा. म्हटलं, बघ, भावानं त्यांचं नाव पुढं केलं नाही, आपल्या अंगावर घेतलं. आणि मग म्हातारा म्हणाला, तुमच्या भावाला आमचं दुःख लगेच कळलं, त्यानं त्याच्या लहानपणची गोष्ट सांगितली. म्हटलं, कुठली गोष्ट? ते म्हणाले, सात घरांची. त्यात एक बुधवारचं घर होतं. सगळ्यांत चांगलं घर. आणि सगळ्यांत कठीणही तेच. "नाना बोले, मंगल को एक ही टाइम मिलता था। बुध की शाम तक पेट में कुछ नहीं। और उस घर में पहले लड़की का सबक, फिर थाली। अंदर से भाकरी की बास आती थी, और लड़की ग़लती पर ग़लती करती जाती थी। बोले, मास्टरजी, मैं मन में उस लड़की को गालियाँ देता था, और मुँह से कहता था, शाबाश, फिर से बोल।"

मास्तरांना वाटलं, मला ही गोष्ट माहीत असेल. हसत हसत विचारलं, "आपको पता होगा, कौन सा घर था?"

मी म्हटलं, नाही.

ते गेले. मी ओट्यावरच बसून राहिले. त्याच ओट्यावर रे, भाऊ. मी काय काय आठवलं म्हणून सांगू! सहा वर्षं, दर बुधवारी. आणि त्यानंतरच्या प्रत्येक भाऊबिजेला तू इथं बसून जेवलास, आणि प्रत्येक वेळी मी पाहुण्यांना सांगितलं, यानं मला ह्याच ओट्यावर शिकवलं. तू हसायचास. ते हसणं काय होतं? तू मनात मला शिव्या देत होतास का तेव्हाही? चाळीस वर्षं मी ज्या एका गोष्टीवर जगले, ती तुझ्या बाजूनं उपासाची होती, आणि तू एका परक्या म्हाताऱ्याला ती पहिल्या भेटीत सांगितलीस. मला नाही सांगितलीस. कचेरीला कागदातून सांगितलीस, मला नाही. एका गावाचे वार तू तुझ्या त्या भुकेपायी तोडलेस, आणि मला म्हणालास, तुला नाही कळायचं!

आज बुधवार. सकाळी उठून कॅम्पवर गेले. कुठल्याही अन्नाला हात लावला नाही, रिकाम्या हातानं गेले. फाटकावरचा शिपाई म्हणाला, आत सोडता येत नाही, आणि कुणाला बाहेरही सोडता येत नाही, नाना गेल्यापासून पासावर सही कुणी करायची ते ठरलेलं नाही, काल म्हाताऱ्या मास्तरांना कसंबसं सोडलं. म्हणजे बघ, तुझ्या एका सहीवाचून शेकडो माणसं तारेच्या आत बसली आहेत. लीला तारेजवळ आली. ती आतून, मी बाहेरून, दोघी मातीत बसलो. मी तिला सरळ विचारलं, माझ्याकडे जेवायला यायचीस तेव्हा तुला कसं वाटायचं? खरं सांग.

ती म्हणाली, "अदी, रोटी आपकी मीठी थी। पर बुधवार को मैं बच्चों को दोपहर में चने खिला देती थी, कि शाम को आपके घर ज़्यादा न माँगें।"

मी विचारलं, आणि आता?

"अब अपना चूल्हा है। बच्चे माँगते हैं, मैं डाँटती हूँ, अपने घर जैसा।" मग तिनं तारेला हात लावला. "पर आपके गाँव में अब कोई हमारा नाम नहीं जानता।"

तिनं मला पुन्हा अदी म्हटलं, हे घरी येताना लक्षात आलं.

तर तुझंही बरोबर होतं, भाऊ, आणि माझंही. याचंच मला जास्त दुःख आहे. माझ्या एकटीचं बरोबर असतं तर तुला शिव्या देऊन मोकळी झाले असते. कागद लिहायच्या आधी आपण दोघं नीट बोललो असतो, तर त्यात चूल राहिली असती आणि तार आली नसती. तू साहेबापाशी बोललास, सिंध्यांपाशी बोललास, आणि ज्या बायकांनी भाकऱ्या थापल्या त्यांच्यापाशी एक शब्द बोलला नाहीस. आम्हाला दवंडी दिलीस. मग धोंडाबाईनं त्यांना सरकारचे जावई म्हटलं, तर तिचा काय दोष? तिचा सोमवार तिला न विचारता नेलात तुम्ही.

उद्या मी कचेरीत जाऊन बसणार आहे. वेचणीला बायका हव्यातच, लीलाचा आणि तिच्याबरोबरच्या चौघींचा पास मागणार आहे. दुपारी बांधावर प्रत्येकीनं आपापल्या फडक्यातली भाकरी सोडायची, माझीही आणि तिचीही. धोंडाबाईला आत्ताच सांगून आले. ती म्हणाली, "त्यास्ले कापूस येचता यी का वं?" मी म्हटलं, तूच शिकव. तोंड वेंगाडलं तिनं, पण 'नही' म्हणाली नाही. साहेब सही करेपर्यंत मी रडणार नाही आणि उठणार नाही.

पण तुझं काय करू? कचेरीत तू भेटणार नाहीस. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे, जी तुलाही ठाऊक नव्हती. ती लहान मुलगी चुकत नव्हती, भाऊ. सातनवे त्रेसष्ट तिला पहिल्याच महिन्यात येत होतं. ती मुद्दाम एकसष्ट म्हणायची. धडा संपला की तू जेवणार, जेवलास की जाणार, आणि मग पुन्हा सहा दिवस कुणी नाही. तू थोडा जास्त बसावास म्हणून मी चुकायचे.

एकदा तरी म्हणायचंस रे, यमे, आधी जेवू दे. मी नऊ वर्षांची होते, पण भूक कळण्याइतकी मोठी होते. आईला न विचारता ताट आणून दिलं असतं तुला.